मोपा ते मुंबई ३८५ किलोमीटर, मग विमानाला १ तास २० मिनिटं कशी?

पेडण्याची टीचर

नमस्कार. मी पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये गणित आणि भूगोल शिकवते. एका मुलाच्या प्रश्नावर अडले आहे. मी त्याला आधी जे उत्तर दिलं ते बरोबर नव्हतं असं वाटतंय, आणि ते मनाला लागून राहिलंय, म्हणून इथे विचारते.

मुलगा आठवीत आहे. घर मोपाच्या सड्याच्या, म्हणजे पठाराच्या, पायथ्याशी; गोव्याचा नवा विमानतळ याच सड्यावर आहे. त्याचे आजोबा ज्या सड्यावर काजू वेचायचे, तिथूनच आता विमानं उठतात. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुटीत त्याने शंभर पानी वहीत रोज विमानं लिहून ठेवली. तारीख, वेळ, शेपटीचा रंग, आणि उठून कुठल्या बाजूला वळलं ते. एकतीस नोंदी आहेत. काही पानांवर पावसाचे थेंब पडून शाई फुटलीय, कारण हा पोरगा छत्री घेऊन अंगणात उभा राहायचा.

त्याचा मामा मुंबईहून चवथीला आला होता. तिकिटावर प्रवासाची वेळ १ तास २० मिनिटं. मुलाने ॲटलास काढला. प्रमाण १ सेंटीमीटरला ५० किलोमीटर, पट्टीवर मोपा ते मुंबई ७.७ सेंटीमीटर भरलं. म्हणजे ३८५ किलोमीटर. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर दिलेला. भागाकार केला, २९ मिनिटं आली. वही माझ्यासमोर धरून म्हणाला, "टीचर, उरलेली ५१ मिनिटं कुठे गेली?"

मी म्हटलं, मुंबईत विमानांची गर्दी असते, वर थांबावं लागतं. मला स्वतःला तसा अनुभव आहे. एका जूनमध्ये मुंबईला जाताना आमचं विमान घिरट्या घालत होतं, खिडकीतून मला एकच खाडी तीनदा दिसली. पण तो म्हणाला, "रोजच ५१ मिनिटं थांबावं लागतं?" यावर मला बोलता आलं नाही. रोज, प्रत्येक विमान, ५१ मिनिटं घिरट्या घालणं शक्यच नाही.

तर माझे प्रश्न असे. ३८५ हे अंतर बरोबर आहे का? ही ५१ मिनिटं नेमकी कशात जातात? आणि दाबोळीहून, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळाहून, मुंबई मोपापेक्षा लांब आहे, तरी तिथल्या तिकिटावरही जवळजवळ तेवढीच वेळ का असते? उत्तर आठवीच्या मुलाला समजेल असं हवं, पण खरं हवं. "असतं तसं" म्हणून मला त्याला परत पाठवायचं नाहीय.

म्हापसेकार

कंपन्या वेळ वाढवून लिहितात, टीचर. ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत पोचलं तर विमान वेळेवर धरतात. त्यामुळे थोडी जास्त वेळ लिहिली की उशीर दिसत नाही. मला तरी हेच कारण वाटतं.

वास्कोचो काका

टीचर, मी दाबोळीला ऍप्रनवर २७ वर्षं काम केलं. ऍप्रन म्हणजे विमानं जिथे उभी करतात ती फरसबंदी जागा. आता घरी असतो. पोराचा प्रश्न वाचून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

म्हापसेकार म्हणतात ते काही अंशी खरं आहे, पण ती वाढवलेली वेळ आठ-दहा मिनिटांची. ५१ मिनिटांचं ते कारण नव्हे.

आधी अंतर. पोराने पट्टीने मोजलेलं ३८५ अगदी बरोबर आहे. तुम्हाला फळ्यावर करून दाखवायचं असेल तर असं करा. मोपाचा अक्षांश १५.७४, मुंबई विमानतळाचा १९.०९. फरक ३.३५ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर धरा, झाले ३७२. रेखांश मोपाचा ७३.८६, मुंबईचा ७२.८७, फरक ०.९९. रेखांशाचा अंश मात्र आपल्या भागात १११ नसतो, उत्तरेकडे रेषा जवळ येत जातात ना, तो १०६ च्या आसपास भरतो. म्हणजे १०५ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोण काढा, एक बाजू ३७२, दुसरी १०५. कर्ण ३८६.५ येतो. दीड किलोमीटरचा फरक पृथ्वी अगदी गोल नसल्यामुळे आणि आपण आकडे ढोबळ धरल्यामुळे. दाबोळीसाठी हेच केलं तर ४२३ च्या आसपास येतं.

आता वेळ. तिकिटावरची वेळ ही उडाल्यापासून उतरेपर्यंतची नसते. इथेच सगळी गल्लत होते. विमान उभं असतं तेव्हा त्याच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले असतात, त्यांना आम्ही चोक म्हणतो. तिकिटावरची वेळ म्हणजे मोपाला चोक काढून विमान हलल्यापासून ते मुंबईत जागेवर येऊन परत चोक लागेपर्यंतची. मी माझ्या हातांनी हे ठोकळे किती वेळा काढले असतील त्याची गणती नाही. पिवळा रंग दिलेले, दोरीने एकमेकांना बांधलेले, पावसात रबर बुळबुळीत होतं. ते काढले की वैमानिकाला दिसेल असे हात वर करून दाखवायचे. तो क्षण म्हणजे पोराच्या गणिताची सुरुवात. विमान तेव्हा जमिनीवरच असतं.

मग ट्रॅक्टर त्याला मागे ढकलतो. इंजिनं एकामागून एक चालू होतात. ट्रॅक्टर सुटतो, तपासण्या होतात. मग स्वतःच्या जोरावर धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत जायचं. मोपाची धावपट्टी साडेतीन किलोमीटर लांब आहे, आणि विमान जमिनीवर गाडीसारखं पळत नाही, सांभाळून चालतं. या सगळ्यात १२ मिनिटं सहज जातात. मुंबईत उतरल्यावर जागेवर पोचायला १० धरा. झाली २२ मिनिटं, आणि यात एक किलोमीटरही मुंबईकडे सरकलेलं नाही.

आता हवेतला भाग, जो पोराला सगळ्यात जास्त आवडेल. ताशी ८०० चा वेग हा वर, सपाट उडताना असतो. ए-३२० जातीचं विमान तिथे ताशी ८३० पर्यंत जातं. पण तिथवर चढायला लागतं. १०,००० फुटांच्या खाली वेग २५० नॉटच्या आत ठेवायचा असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, तर हा झाला ताशी ४६३. समजा विमान २८,००० फुटांवर जाणार आहे. तिथे पोचायला सोळा-एक मिनिटं आणि साधारण १६० किलोमीटर लागतात.

उतरायचा हिशेब वैमानिक तीनच्या पाढ्याने करतात, हा मुलांना नक्की द्या. जितके हजार फूट उंची, त्याच्या तिप्पट सागरी मैल आधी उतरायला लागायचं. २८ त्रिक ८४. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे १५६ किलोमीटर. यात वीसेक मिनिटं.

आता बेरीज करायला सांगा. चढायला १६०, उतरायला १५६, झाले ३१६. तीनशे पंच्याऐंशीतून उरले ६९ किलोमीटर. म्हणजे पोराने ज्या वेगाने सगळा भागाकार केला, त्या वेगाने विमान उडतं फक्त पाच मिनिटं. मोपा-मुंबई विमान वर जातं आणि लगेच खाली यायला लागतं. चहाची गाडी मधल्या वाटेत पोचते तोवर कप गोळा करायची वेळ येते ती यामुळे.

आणि शेवटची गोष्ट, विमान पट्टीसारखं सरळ जात नाही. मोपाची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, मुंबई उत्तरेला. उठल्यावर आधी वळायला लागतं. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी चालवता येत नाहीत. वर्षाचा बहुतेक काळ विमानं पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे घाटकोपरच्या बाजूने उतरतात. गोव्याचं विमान येतं दक्षिणेकडून. त्याला आधी पूर्वेला, पार ठाण्या-कल्याणच्या अंगाला जाऊन, मग पश्चिमेला वळून ओळीत लागायला लागतं. हा वळसा साठ-सत्तर किलोमीटरचा धरा, आणि तो सगळा खाली, कमी वेगात. नऊ-दहा मिनिटं गेली.

तर जमिनीवर २२, हवेत ५०, आणि म्हापसेकारांची वाढवलेली ८. झाली ८०.

दाबोळीचं उत्तरही यातच आहे. दाबोळी ३८ किलोमीटर लांब, पण चढणं तेवढंच, उतरणं तेवढंच. वाढले ते ३८ किलोमीटर वरच्या सपाट भागात, ताशी ८३० ने. भागून बघा, तीन मिनिटंसुद्धा होत नाहीत.

डिचोलीची ताई

काकांनी इतकं छान समजावलंय की मी माझ्या आईलाही वाचून दाखवलं. आईचं डोळ्यांचं दुखणं आहे, दोन-तीन महिन्यांनी मुंबईला परळला न्यावं लागतं. त्यामुळे माझं या विषयावरचं गणित निराळं आहे, ते लिहिते.

माझ्यासाठी प्रवास डिचोलीच्या दारातून सुरू होतो. मोपाला एक तास. काउंटर तासभर आधी बंद होतो आणि आईला चाकाची खुर्ची लागते, म्हणून मी दीड तास आधी पोचते. विमान १ तास २०. बॅग यायला वीस मिनिटं. तिथून परळ एक तास, गर्दी असली तर जास्त. पाच तास दहा मिनिटं. दाबोळीहून विमान तीन मिनिटांनीच लांब असेल, पण डिचोलीहून दाबोळीला जायचं म्हणजे मांडवी आणि जुवारी दोन्ही ओलांडायच्या. २०२२ च्या डिसेंबरात जुवारीचा नवा पूल सुरू झाल्यापासून पूर्वीइतके हाल नाहीत, तरी आई पणजीपर्यंतच थकते.

थिवीहून वंदे भारत धरली तर स्टेशन घरापासून जवळ. दादरला उतरलं की परळ हाकेच्या अंतरावर. गाडीत साधारण सात तास, पावसाळ्यात खूप जास्त. पण आई सगळा वेळ एकाच खुर्चीत बसून असते, तिला पाच वेळा उठ-बस करावी लागत नाही. म्हणून सांगते, आकड्यात विमान लवकर पोचतं, पण आईच्या शरीराला काय झेपतं ते मला वेगळं मोजावं लागतं. पावसाळा संपला की आम्ही रेल्वेनेच जातो. आता मात्र तारीख जवळची मिळालीय, पुढच्या गुरुवारी विमानानेच जाणार आहोत.

मस्कतकार

टीचर, मी मूळचा पेडण्याचाच, मस्कतला हॉटेलात नोकरी करतो. तुमच्या पोराला माझ्याकडून एक गणित द्या. माझ्या तिकिटावर मोपाहून निघायची वेळ दुपारी २, मस्कतला पोचायची ३ वाजून २० मिनिटं. म्हणजे १ तास २० मिनिटं, अगदी मुंबईएवढीच! आणि मोपा ते मस्कत हवाई अंतर आहे साधारण १,८५० किलोमीटर.

उत्तर असं की तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. खरा प्रवास २ तास ५० मिनिटांचा. परत येताना उलटं होतं. सकाळी ९ ला तिथून निघालो की इथे १ वाजून १० मिनिटांनी उतरतो. कागदावर चार तास दहा मिनिटं, खरी २ तास ४०. पहिल्या खेपेला माझ्या आईने घरी सगळ्यांना सांगितलं होतं, पोर दीड तासात अरबस्तानात पोचलं म्हणून. ती विमानतळाबाहेर काचेला हात लावून उभी होती, ते अजून आठवतं.

येताना दहा मिनिटं कमी का लागतात ते मात्र काकांनी सांगावं.

वास्कोचो काका

वाऱ्यामुळे. हिवाळ्यात आपल्या वर, उंचावर, वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो. पूर्वेकडे येताना तो पाठीशी असतो, मस्कतला जाताना तोंडावर. वेग हवेच्या तुलनेत तेवढाच, जमिनीच्या तुलनेत बदलतो. नदीच्या धारेबरोबर होडी वल्हवणं आणि धारेविरुद्ध वल्हवणं, तसंच. पावसाळ्यात चित्र पालटतं. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून जोराचा वारा वाहतो. पी. कोटेश्वरम या आपल्या हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ साली त्याचं वर्णन मांडलं. त्याचा सर्वांत जोराचा पट्टा विमानांच्याही वर असतो, पण खालीही तो जाणवतो. मुंबईला जाताना आपण उत्तरेकडे जातो, वारा बाजूने लागतो, म्हणून तिथे फार फरक पडत नाही.

टीचर, पोराच्या वहीत विमान कुठल्या बाजूला उठलं ते लिहिलंय म्हणालात. ते मला कळवाल का? विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उठतं आणि उतरतं.

पेडण्याची टीचर

काका, ताई, मस्कतकार, तुम्हा सगळ्यांची मी खरंच ऋणी आहे. म्हापसेकार, तुमची आठ मिनिटंही कामाला आली.

काल दोन तास मिळून हाच धडा घेतला. पुस्तकातलं पान उघडलं नाही. आधी फळ्यावर काकांचा त्रिकोण काढला. मुलांनी पायथागोरस आतापर्यंत फक्त भिंतीला टेकवलेल्या शिडीसाठी वापरला होता. त्याच शिडीने मोपा आणि मुंबई जोडली गेली तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकली. मग पृथ्वीचा गोल टेबलावर ठेवला आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत शिवणाचा दोरा ताणला. भिंतीवरच्या नकाशावर सरळ रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. गोलावर दोरा सगळ्यात आखूड होतो तो रशिया, स्कँडिनेव्हिया, ग्रीनलंडच्या अंगाने. एका मुलीने दोरा तीनदा सैल करून परत ताणला, तिला पटेना. शेवटी तिने दोन्ही वाटांचे दोरे कापून बाकावर शेजारी शेजारी ठेवले, आणि मग मान हलवली.

मी त्या मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं की मी तुला आधी दिलेलं उत्तर पुरेसं नव्हतं. तो काही बोलला नाही, तीनच्या पाढ्यात गुंतला होता.

काका, वहीतलं पाहिलं. एकतीसपैकी एकोणतीस विमानं समुद्राकडे तोंड करून उठली आणि बरीचशी मग उजवीकडे वळली. दोन नोंदींपुढे "ढग, दिसलं नाही" असं लिहिलंय.

आणि एक विनंती. कोणी मोपाहून मुंबईला जाणार असेल तर एवढ्या वेळा लिहून पाठवाल का? विमान मागे ढकलायला लागलं ती, चाकं जमिनीवरून सुटली ती, पट्टा बांधायचा दिवा विझला ती, खाली यायला लागलं ती, चाकं टेकली ती, आणि जागेवर थांबलं ती.

वास्कोचो काका

बरोबर आहे, चवथ म्हणजे पावसाळी वारा, तो समुद्राकडून येतो, म्हणून सगळी पश्चिमेकडे उठली. पोराला सांगा, वही डिसेंबरात परत उघड. तेव्हा पहाटे मतलई वारा सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. सकाळची विमानं आणि दुपारची विमानं वेगवेगळ्या दिशेला उठतात का ते त्याने स्वतः बघावं. मी सांगून टाकत नाही.

दाबोळीत आमचंही सगळं वाऱ्यावरच चालायचं. ती धावपट्टी पोर्तुगिजांनी १९५० च्या दशकात बांधली, मुक्तीनंतर नौदलाकडे आली, आजही नौदलाचा तळ आय.एन.एस. हंसा तिथेच आहे. सोम ते शुक्र सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असायचे, त्यामुळे प्रवासी विमानं दुपारनंतर गर्दी करायची. दिवसभराचं काम चार-पाच तासांत. २०२३ च्या ५ जानेवारीला मोपाहून विमानं सुरू झाली तेव्हा मी घरीच होतो, तरी आकाशाकडे बघत बसलो होतो.

डिचोलीची ताई

टीचर, गुरुवारी जाऊन आलो. आईची तपासणी चांगली झाली, डोळ्यांतला दाब कमी आलाय, डॉक्टरांनी चार महिन्यांनी बोलावलंय. वेळा आईच्याच औषधाच्या पाकिटामागे लिहिल्या होत्या.

तिकीट १०.४५ ते १२.०५.
मागे ढकललं १०.४४.
चाकं सुटली १०.५७.
दिवा विझला ११.०६.
इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला ११.१८. आई म्हणाली, आता उतरणार.
चाकं टेकली ११.४६.
थांबलं ११.५८.

आवाज हलका झाल्यावर अर्धा तास आम्ही खालीच येत होतो, काका म्हणाले तसंच. शेवटी मोठं डावं वळण घेतलं, खाडी ओलांडली, मग घाटकोपरच्या इमारती इतक्या जवळ आल्या की गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसले.

पेडण्याची टीचर

ताई, आईंना माझा नमस्कार सांगा. बातमी वाचून फार बरं वाटलं.

तुमचं पाकीट फळ्यावर उतरवलं. जमिनीवर १३, हवेत ४९, परत जमिनीवर १२. एकूण ७४, तिकिटापेक्षा सहा मिनिटं कमी. वर्गाने लगेच ३८५ ला ४९ ने भागून ताशी ४७१ काढलं. तो मुलगा मात्र थांबला. म्हणाला, "टीचर, पण ते ३८५ गेलंच नाही. ते वळून वळून गेलं."

मग त्याने ॲटलासवर दोरा लावला. मोपाहून थोडा पश्चिमेला, तिथून उजवीकडे वळवून कोकणावरून वर, मग कल्याणच्या बाजूला, आणि डावीकडे वळवून मुंबईत. वळणांवर दोन मुलींनी बोटं दाबून धरली. दोरा पट्टीवर ठेवला तर ९.१ सेंटीमीटर, म्हणजे ४५५ किलोमीटर. ४९ मिनिटांत ४५५, ताशी ५५७.

दोरा त्याने वहीत चिकटवलाय, चवथीच्या नोंदींच्या पुढच्या पानावर. त्याच्या खाली तारीख टाकून डिसेंबरसाठी रकाने आखून ठेवलेत, सकाळ आणि दुपार असे वेगळे.